परांचीवर चढवण्याआधी माणसाचा तोल कसा तपासावा

आधी एक वाद मिटवून टाकू. तोल कितीही पक्का असला तरी तो कठड्याची जागा घेत नाही. २ मीटरवरून पडलेला माणूस साधारण ०.६ सेकंदात जमिनीवर असतो आणि त्यातला बराचसा वेळ पाय सटकलाय हे कळण्यातच जातो. "आमचे गडी सरसर चढतात, त्यांना पट्टा कशाला" म्हणणाऱ्या ठेकेदारासाठी हा लेख नाही. कठडा, पट्टा, हूक अडकवायची दोरी, नीट बांधलेल्या फळ्या हे सगळं जागेवर आहे असं धरून पुढचं लिहितोय.

सपाट जमीन, पायात कामाचेच बूट, शेजारी सावरायला एक माणूस. चपलांवर घेतलेली परीक्षा फुकट.

पहिली परीक्षा: एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, दोन्ही पाऊलं एका रेषेत, हाताची घडी. ३० सेकंद डोळे उघडे ठेवून, मग डोळे मिटून. घड्याळाकडे कमी आणि खांद्यांकडे जास्त बघा. मी त्याच्या मागे भिंतीवर ओळंबा, म्हणजे खाली वजन बांधलेली सरळ दोरी, टांगतो आणि समोर उभा राहतो. कान दोरीच्या किती इकडेतिकडे जातो ते लगेच दिसतं. थोडं डुलणं सगळ्यांचंच असतं, डोळे मिटल्यावर ते वाढतंही. पण मिटताक्षणी पाऊल टाकावं लागलं, तर तो गडी बहुतेक डोळ्यांच्या जोरावर उभा होता. तोल तीन गोष्टी सांभाळतात: डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांना होणारी जाणीव. धूळ उडाली, जिन्यात अंधार झाला, की डोळ्यांचा आधार गेला. मग उरलेल्या दोघांवरच भिस्त.

इथपर्यंत कुणीही सांगतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबायचो.

एक सळई बांधणारा सकाळी ओळंब्यापुढे दगडासारखा उभा राहिला. वहीत मी माझ्याच हाताने 'ठीक' लिहिलं. दुपारी तो स्लॅबच्या कडेला अर्धा तास उकिडवा बसून जाळी बांधत होता. तार संपली म्हणून उठला. मी दहा पावलांवर होतो. तार पिळायचा हूक त्याच्या हातातून खाली पडला, डोळे उघडे होते पण तो काही बघत नव्हता, आणि सबंध अंग कडेच्या बाजूला कलायला लागलं. कठड्याच्या पाइपवर छाती आपटली म्हणून वाचला. दोन मिनिटांनी पुन्हा ठणठणीत. "काही नाही साहेब, जरा अंधारी आली. रोजच येते."

रोजच येते! आणि सकाळी मी विचारलं होतं, "चक्कर येते का?" तो म्हणाला होता, "नाही." खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी ती चक्कर नव्हतीच.

म्हणून दुसरी परीक्षा दुपारी, काम चालू असताना, आणि ती उकिडवं बसवून घ्यायची. पाच मिनिटं खाली मान घालून खरंच काम करू द्या, मग झटकन उभं करा आणि लगेच वर बघायला सांगा. उकिडवं बसल्यावर दबलेल्या पायांत उठताच रक्त उतरतं आणि रक्तदाब क्षणभर खाली येतो. पहिली पंधरा-वीस सेकंदं सगळ्यात नाजूक. पण तेवढ्यावर सोडू नका. काहींचा दाब हळूहळू उतरतो, त्यामुळे ३ मिनिटं उभं ठेवा आणि रक्तदाबाचं यंत्र असेल तर बसलेला आणि उभा असे दोन्ही आकडे घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर त्या दिवशी तो माणूस वर जात नाही. ऊन, कमी प्यायलेलं पाणी, रक्तदाबाच्या गोळ्या, उपाशीपोटी आलेला गडी, या सगळ्याचा हिशेब दुपारीच लागतो, सकाळी नाही.

आता प्रश्न. 'चक्कर' हा शब्द तोंडातून काढूच नका. सुटे सुटे विचारा. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का? झोपेत कूस बदलली की खोली गरगर फिरते का? ही भोवळ मिनिटभराच्या आत थांबते आणि बहुतेकदा आतल्या कानातले बारीक खडे जागचे हलल्याने येते. डॉक्टर डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून ती बरी करतात, पण तोवर छताला भोकं पाडायचं काम त्याला देऊ नका, कारण मान मागे टाकताच ती येते. तोंडावर पाणी मारताना, डोळे मिटलेले असताना, झोक जातो का? हो म्हणाला तर तळपाय बधिर आहेत का बघायला डॉक्टरकडे पाठवा. जुन्या मधुमेहात असं होतं. सर्दीची झोप आणणारी गोळी घेतलीय का? आणि रात्री प्यायला होता का? नशा उतरली तरी कानातला गोंधळ पुढे काही तास चालू राहतो. 'आता शुद्धीत आहे ना' हे उत्तर मी मानत नाही.

बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसताहेत किंवा तोंड वाकडं झालंय, तर परीक्षाबिरीक्षा बाजूला. थेट दवाखान्यात.

नापास झालेल्याचं काय? खाली काम, मजुरी तीच. इथे मी कुणाचं ऐकत नाही. एकाचा रोज कापलात की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची सगळी उत्तरं 'नाही' होतात, आणि मग ओळंबा टांगून उपयोग नाही.

पास झालेल्याला वर पाठवताना "खाली बघू नको" एवढंच सांगितलं जातं. अर्धवट सल्ला आहे. मग बघू कुठे? जमिनीवर आपण जरा डुललो तरी जवळची भिंत डोळ्यांपुढे सरकते आणि शरीर सावरतं. उंचावर जवळ काहीच नसेल तर लांबच्या वस्तूंची ती सरक दिसतच नाही, म्हणून डोलणं वाढतं. तेव्हा हाताच्या अंतरावरचा, न हलणारा पाइप दाखवून द्या. क्रेनला लटकणारा माल किंवा पळणारे ढग बघू देऊ नका. खांद्यावर ओझं असेल तर तोलाचा बिंदू आणखी वर जातो. फळीवरून चालताना हात मोकळे, माल दोरीने वर.

तपासणी एकदा करून वही बंद करायची नसते. ताप येऊन गेला, नवी गोळी सुरू झाली, रात्रपाळी लागली, की पुन्हा. आणि नवा चष्मा लागला तरी. वर लांबचं आणि खाली जवळचं भिंग असलेल्या चष्म्यातून शिडी उतरणाऱ्याला खालची पायरी धूसर दिसते. वर जाताना नुसता लांबचा चष्मा लावायला सांगा, दुसरा खालीच पेटीत राहू दे.