जुनी मोटरसायकल: कन्सल्टंटकडून घ्यावी की थेट मालकाकडून?

सातारा-सांगलीत जुनी गाडी दोन ठिकाणी मिळते. एक ऑटो कन्सल्टंटच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या डीलरच्या दारात, नाहीतर ओळखीतून किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीतून थेट मालकाच्या घरी. थेट व्यवहारात चार पैसे वाचतात, म्हणून बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: गाडी गेल्यावर आरसी बुकवर नाव कुणाचं राहतंय? पैसे, चावी आणि नाव यांतलं एक जरी मागं राहिलं, तरी व्यवहार अर्धवट आहे.

बाजारात सर्रास चालतो तो 'ओपन पेपर'चा व्यवहार. विकणाऱ्याकडून नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याचं नाव नंतर कधीतरी भरायचं. ट्रान्सफरची फी वाचते, आरसीवर एक हात (मालक) वाढत नाही, म्हणून गाडी तशीच तिघा-चौघांकडे फिरते. यातला धोका मूळ मालकाचा असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच, अनेक हातांतून गेलेल्या गाडीच्या अपघातात भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत नाव असलेल्या मालकावरच टाकली. विक्रीची पावती जवळ होती, एवढ्यावर सुटका होत नाही. ई-चलनंही त्याच्याच नावावर येत राहतात. घेणाराही अडकतो: नाव लावायला जावं तेव्हा मूळ मालक गाव सोडून गेलेला असतो किंवा वारलेला असतो.

कन्सल्टंटशी व्यवहार

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राचे नियम लागू आहेत. डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. गाडी विकायला देताना मालकानं फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. ही नोंद झाली की पुढच्या विक्रीपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. डुप्लिकेट आरसी, एनओसी (ना हरकत दाखला), नाव ट्रान्सफर यांसाठी अर्जही त्याला करता येतो. अशी गाडी त्यानं ट्रायल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची असते.

म्हणून विकायला गेलात तर भाव विचारण्याआधी अधिकारपत्र बघा. ते नसेल, तर गाडी आधी कन्सल्टंटच्या नावावर ट्रान्सफर करून द्या, नाहीतर पुढचं गिऱ्हाईक ठरेपर्यंत ती आपल्याच दारात ठेवा. कोऱ्या सह्या करून गाडी सोडून येऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असो.

घेणाऱ्यासाठी कन्सल्टंटचा फायदा म्हणजे एका जागी आठ-दहा गाड्या ताडून बघता येतात, जुनी गाडी देऊन एक्सचेंज होतं आणि कर्जाची सोय होते. त्याचं भाडं, पॉलिश आणि नफा किमतीत आलेला असतो; कागद तो खरोखर पूर्ण करून देत असेल तर ते पैसे वाया गेले असं आम्ही म्हणणार नाही. मात्र 'इंजिनची गॅरंटी' तोंडी घेऊ नका. कुठले पार्ट, किती महिने, मजुरी कुणाची, हे बिलावर लिहून घ्या. शोरूमसारखी चमकणारी गाडी जास्त बारकाईनं बघा. इंजिनला ताजा सिल्व्हर रंग दिसला तर गाडी गरम झाल्यावर ब्लॉक आणि हेडच्या सांध्यावरून चिंधी फिरवा. ऑइल गळत असेल तर चिंधीवर येतं. किलोमीटर मागं फिरवलेले असू शकतात. मीटर वीस हजार दाखवतोय आणि फूटरेस्टचं रबर, ब्रेक पॅडल गुळगुळीत झालंय, तर पॅडलवर विश्वास ठेवा.

गाडी कशी तपासायची

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर थंड व्हायची वाट बघा, कारण गरम इंजिन स्टार्टिंगचा त्रास लपवतं. चालू केल्यावर क्षणभर निळसर धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेले असतात, हे काम त्या मानानं स्वस्त. रेस दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर गेलाय. इंजिन कामाचा खर्च किमतीतून वजा करा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय.

मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलवा, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश झिजले असतील तर खटखट कळते. शॉकअपच्या नळीवर ऑइलची रेघ बघा. टायरवर चार अंकी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं. आपल्याकडे दुधाचे कॅन वाहिलेल्या गाड्या भरपूर. सीट काढून मागच्या फ्रेमला वेल्डिंग दिसलं, की ती गाडी सोडून द्या.

सांगलीकडच्या गाडीत पुराची तपासणी स्वतंत्र करा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या हजारो घरांत पाणी शिरलं. दारातल्या गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्या. बाहेरून धुतल्यावर काही दिसत नाही. हेडलाइट उघडून आतल्या कोपऱ्यात, टाकीखाली आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी बोट फिरवा. पिठासारखा मऊ, वाळलेला गाळ बोटाला लागला तर विषय संपला. वायरिंगचा एखादा कप्लर (जोड) ओढून बघा; आतल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर लाइट, सेल्फ, सेन्सर एकेक करून बंद पडत जातात. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि ईसीएम (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असतो, तिथं हा खर्च भारी पडतो. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिनमध्ये पाणी गेलंय.

ट्रायल साताऱ्यात असेल तर यवतेश्वरचा घाट चढवा, मागे माणूस बसवून. तिसऱ्यात रेस दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेटा गेल्या. उतरताना पुढचा ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरलं तर डिस्क वाकडी आहे.

थेट मालकाकडून घेताना कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा (कर्जाची नोंद) आहे का, नोंदणी, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे बघा. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. संपत आली असेल तर नूतनीकरण आणि पर्यावरण कराचा खर्च धरा. ई-चलनं वेगळी तपासा आणि विकणाऱ्याकडून भरून घ्या. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी आकडा-आकडा जुळवा; नंबरवर खरवडल्याच्या खुणा असतील तर तिथूनच परत या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी हातात हवा, 'कर्ज कधीच फिटलंय' हे सांगणं पुरत नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी नसेल तर ट्रान्सफर अडतो.

मालक वारलेला असेल तर मुलाची सही चालत नाही. गाडी आधी फॉर्म ३१ नं वारसाच्या नावावर, मग तुमच्या. मिरज-जतकडे केए पासिंगची (कर्नाटकात नोंदवलेली) गाडी स्वस्तात मिळते, पण तिला फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर लागतो. हे सगळं मिळवून बेरीज करा, बऱ्याचदा स्वस्ताई उरत नाही.

सौदा ठरला तर इसार एक-दोन हजारांपलीकडे देऊ नका आणि त्याची पावती घ्या. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० पूर्ण भरून, नावासकट सह्या करा. बाकी पैसे बँकेतून द्या. चार-पाच हजार नाव चढेपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवून लिहून घ्या. ताबा पावतीवर तारीख, वेळ, किलोमीटर, चासी नंबर आणि दोघांच्या सह्या हव्यात. वेळ लिहिली की त्या दिवशीचं चलन कुणाचं हा वाद राहत नाही. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आमचा सल्ला, दोघांनी एकत्र बसून त्याच दिवशी अर्ज करा. ऑनलाइन अर्जात आधारचा ओटीपी लागतो, तेव्हा मोबाइल आधारला जोडलेला आहे का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

विम्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तो तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो.