विंडोज ११ टाकायचंय? आधी जुनं लायसन कोणतं ते बघा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. पीसी अपग्रेडला नेला की बऱ्याचदा 'नवीन की (लायसनचा कोड) घ्यावी लागेल' असं ऐकवलं जातं. मशीनवरचं १० अस्सल असेल आणि हार्डवेअर नियमांत बसत असेल, तर ११ त्याच लायसनवर फुकट चालतं. होमवर होम आणि प्रोवर प्रो टाकायचं, एवढंच.

लायसनचा प्रकार असा कळतो. विंडोजचं बटण धरून आर दाबा. चौकटीत इंग्रजीतून एसएलएमजीआर, एक स्पेस, स्लॅश, डीएलआय असं लिहून एंटर करा. ओईएम (कंपनीने मशीनसोबत दिलेलं) दिसलं तर लायसन त्या मशीनलाच बांधलेलं आहे. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर सहसा दुसऱ्या मशीनवर नेता येतं. घरच्या पीसीवर व्हॉल्यूम केएमएस क्लायंट (मोठ्या ऑफिसांसाठीचं लायसन) दिसलं तर कुणीतरी जुगाड करून ठेवलाय, ते लायसन तुमचं नाहीच.

डिजिटल लायसन मुख्यतः मदरबोर्डवरून ओळखलं जातं. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम वाढवली तरी सहसा काही बिघडत नाही. बोर्ड बदलला की अ‍ॅक्टिव्हेशन जातं. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढायची ती यासाठीच. शिवाय सेटिंग्ज, १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी (११ मध्ये सिस्टिम), अ‍ॅक्टिव्हेशन इथे जाऊन लायसन मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. पुढे बोर्ड बदललाच तर ट्रबलशूटरमधून रिटेल लायसन परत मिळवता येतं.

पीसी ११ ला चालतो का, ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक अ‍ॅप चालवून बघा. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि साधारण आठव्या पिढीचा इंटेल किंवा रायझन २००० किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. टीपीएम 'नाही' आलं म्हणून लगेच हात टेकू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तो इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने बंद असू शकतो. दमट हवेत पडून राहिलेल्या पीसीची बोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल तर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, तारीख मागे पडते आणि चुकीच्या तारखेने अ‍ॅक्टिव्हेशनही अडतं. आधी बॅटरी बदला. बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. सिक्युअर बूटला बायोसचा यूईएफआय मोड लागतो. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर बॅकअप घेऊन आधी विंडोजमधल्या 'एमबीआर टू जीपीटी' टूलने ती नव्या जीपीटी पद्धतीत बदला. तसं न करता नुसता जुना लेगसी मोड बदलून यूईएफआय केलात तर मशीन सुरूच होणार नाही.

आयएसओ, म्हणजे विंडोजची इन्स्टॉल फाइल, ५ जीबीच्या वर असते, रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती उतरवत बसू नका. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला आणायला सांगा, पण पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट केलेला हवा. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आयएसओ पीसीवर कॉपी करून डबल क्लिक करा, सेटअप चालवा, 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' निवडा. नव्या डिस्कवर कोरं इन्स्टॉल करत असाल तर की विचारल्यावर 'माझ्याकडे की नाही' म्हणा. नेट जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. हे सगळं यूपीएसवर करा, मध्येच लाईट गेली तर पंचाईत.

नंतर १० दिवस विंडोज डॉट ओल्ड (जुनं विंडोज साठवलेला) फोल्डर पुसू नका. तेवढ्यात प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालवून बघा. काही अडलंच तर याच मुदतीत १० वर परत जाता येतं.