छापून झालं, आता वरून काय चढवायचं?

लग्नपत्रिका घरी आली की पहिली देवापुढे ठेवायची आणि तिच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, ही आपली रीत. काही वर्षांपूर्वी चुलत बहिणीच्या पत्रिका मीच छापून आणल्या होत्या. आत्यानं ओली हळद बोटावर घेऊन कोपऱ्याला टेकवली, तर ती तशीच घरंगळत खाली 'कृपया आहेर आणू नये'वर जाऊन थांबली. कुंकू तर बोटालाच चिकटून परत आलं. "पत्रिका आहे का सनमायका रे?" आत्या म्हणाली. पुण्यातल्या पेठांमधल्या छापखान्यांत माझी निम्मी हयात गेली, आणि घरच्याच कामावर मी ग्लॉस लॅमिनेशन, म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकची फिल्म, चढवून बसलो होतो. का, तर नमुना छान चकाकत होता.

बहुतेकांचं असंच होतं. छपाईवर चढवायच्या कोटिंग-लॅमिनेशनच्या नमुन्यांचा जुडगा हातात घ्यायचा, ट्यूबलाइटखाली तिरका धरायचा आणि जो जास्त चमकेल त्यावर बोट ठेवायचं. माझं म्हणणं, नमुना सगळ्यात शेवटी बघा. आधी खालची कामं उरका.

१. त्या कागदाच्या वाट्याला काय येणार आहे?

हे खरोखर कागदावर लिहून काढा. पाच मिनिटं लागतात.

त्यावर कुणी लिहिणार आहे का? ग्लॉस फिल्मवर बॉलपेन घसरतं आणि रबरी शिक्क्याची शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. म्हणून पावतीपुस्तक, दवाखान्याचा केसपेपर, सही-शिक्क्याचं प्रशस्तिपत्रक यांवर काहीही चढवायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानांवरही नाही, कारण दुधाचा खाडा आणि सिलिंडर कधी लावला ते तिथंच लिहिलं जातं. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे वेळ-तारीख लिहून द्यायची सवय असेल, तर लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला घ्या. लग्नपत्रिकेला बिनकोटिंगचा, थोडा खरखरीत कागद उत्तम. हळद त्यात मुरते. शोभा हवीच असेल तर गणपतीच्या चित्रावर सोनेरी फॉइल मारून घ्या, कोपरे मोकळे सोडा. आणि पत्रिकेला वरून गुंडाळायची ती पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म आता विसरा. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यात मिठाईचे खोके आणि निमंत्रणपत्रिका गुंडाळायची फिल्म नाव घेऊन टाकलेली आहे.

तो पुसावा लागणार आहे का? खानावळीचं मेनूकार्ड दिवसातून दहा वेळा रश्श्याच्या हातात जातं आणि रात्री ओल्या फडक्यानं पुसलं जातं. तिथं साधं लॅमिनेशन दोन महिनेही पुरत नाही, कारण पाणी वरून शिरत नाही, कडेनं शिरतं. कार्ड कटिंगला गेलं की कडेचा कागद उघडा पडतो, तो पाणी पितो आणि कोपऱ्याची फिल्म सुटायला लागते. म्हणून मेनूकार्डाला पाऊच लॅमिनेशन घ्या, म्हणजे कार्ड फिल्मच्या पाकिटात घालून उष्णतेनं बंद करायचं, १२५ मायक्रॉन किंवा त्याहून जाड, आणि कागद संपल्यावर चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर फिल्म शिल्लक ठेवायला सांगा. देखणं दिसावं म्हणून ती कड कापणारे महाभाग भेटतात. त्यांचा हात धरा.

याच्या उलट, मूळ गुणपत्रिका, जन्मदाखला, आजोबांच्या जमिनीचा जुना कागद यांना पाऊचमध्ये घालू नका. फिल्मचा गोंद उष्णतेनं कागदात उतरतो, नंतर कागद न फाडता तो सुटत नाही. पुढे कधी मागच्या बाजूला शिक्का मारून घ्यायची वेळ आली तर पंचाईत होते. झेरॉक्सला लॅमिनेशन करा, मूळ कागद साध्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

२. दुकानात जी चार नावं कानावर पडतील

वॉर्निश म्हणजे बिनरंगी शाईच समजा. छपाईच्या मशीनवरच, शेवटच्या युनिटमधून लागतं. थर अगदी पातळ, दिसतो न दिसतो. शाई हाताला लागू नये, एवढंच त्याचं काम. तेलाचं वॉर्निश पांढऱ्या भागावर काही वर्षांत पिवळसर पडतं. मॅपलिथोसारख्या बिनकोटिंगच्या साध्या कागदावर मारलं तर कागद ते पिऊन टाकतो आणि पैसे वाया जातात.

अॅक्वस कोटिंग पाण्यावर आधारित असतं. मोठ्या मशीनला शेवटी कोटिंगचं युनिट असेल तर पूर्ण शीटवर चढतं आणि झटपट वाळतं, त्यामुळे काम लगेच पालटून दुसरी बाजू छापता येते. वास कमी, पिवळं पडणं कमी. मासिकाची आर्ट पेपरवरची, म्हणजे गुळगुळीत कोटिंगच्या कागदावरची पानं, कंपनीचं माहितीपत्रक, औषधाचा खोका अशा ठिकाणी मी डोळे मिटून हेच सांगतो. शिवाय रद्दीत गेल्यावर त्या कागदाचा लगदा होतो. फिल्म चढवलेला कागद कागदगिरणीला नकोसा असतो.

यूव्ही कोटिंग म्हणजे कागदावर पसरलेला द्रव अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट करायचा. काचेसारखी चमक, आणि प्रती जास्त असतील तर लॅमिनेशनपेक्षा स्वस्त. पण स्वभाव काचेचाच. घडीवर तडकतं आणि तडकलेल्या रेषेतून पांढरा कागद डोकावतो. एकपानी पोस्टर, चित्रांचं पोस्टकार्ड यांना छान. तीन घड्यांच्या पत्रकाला नको.

लॅमिनेशन म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म कागदाला चिकटवायची. ग्लॉस, मॅट आणि बोटाला मखमलीसारखं लागणारं वेल्वेट हे त्यातले नेहमीचे तीन. चारांत सगळ्यात मजबूत हेच, आणि घोटाळेही सगळ्यात जास्त इथंच होतात.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. साध्या लॅमिनेशननं उन्हात रंग टिकत नाही. दुकानाच्या काचेवर दोन उन्हाळे काढलेली पोस्टरं निळी-हिरवी का दिसतात? गुलाबी आणि पिवळी शाई आधी उडते म्हणून. फिल्म ओल अडवते, ओरखडा अडवते. ऊन अडवत नाही.

३. कागदाचं वजन विचारा, पावसाळ्यात दोनदा विचारा

एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या ५०० प्रती आम्ही जुलैत चिपळूणला पाठवल्या. कव्हर १७० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं वजन १७० ग्रॅम) आर्ट पेपरचं, बाहेरून ग्लॉस लॅमिनेशन. पुण्यातून निघताना प्रती सपाट होत्या. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला, "साहेब, पुस्तकं टेबलावर ठेवली की कव्हर आपोआप उघडतंय." सगळ्या कव्हरांची बाहेरच्या बाजूला सुरळी होत होती.

कारण साधं आहे. कागद दमट हवेत ओल घेतो आणि फुगतो, फिल्म फुगत नाही. कव्हराची आतली बाजू उघडी असते, तिचे तंतू पसरतात. बाहेरची बाजू फिल्मनं जखडलेली. मग कागद फिल्मच्या दिशेनं वळतो. दुधावरची साय सुकताना कडेनं वळते ना, तशातलाच प्रकार.

उपाय असे. एका बाजूला लॅमिनेशन करायचं तर कव्हर २५० ते ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डाचं घ्या. पातळ कागदाला दोन्ही बाजूंनी फिल्म किंवा नुसतं अॅक्वस कोटिंग बरं. कागदाची ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर येईल असं शीटवर कव्हर बसवायला सांगा. ग्रेन आडवी गेली तर कव्हर हमखास वळतं आणि घडीही फुटते. ओल आरपार जाऊ देणारी नायलॉनची फिल्मही मिळते, पण ती महाग आणि दर वेळी हाताशी असेलच असं नाही. चिपळूणच्या प्रती आम्ही परत आणल्या, वजनाखाली आठवडाभर दाबून ठेवल्या. निम्म्या सुधारल्या. उरलेल्यांची कव्हरं स्वखर्चानं बदलली.

४. गडद रंग असेल तर मॅटचा मोह आवरा

हल्ली ज्याला त्याला मॅट हवं असतं, विशेषतः कवितासंग्रहांना. दिसतं सुंदर, उजेड डोळ्यांवर येत नाही, कव्हराचा फोटोही नीट निघतो. पण मॅट फिल्म रंगाचा जोर थोडा खाते. स्क्रीनवर कुळकुळीत दिसणारा काळा तिच्याखाली पाटीसारखा दिसतो. त्याहून वाईट म्हणजे गठ्ठ्यात प्रती एकमेकींवर घासल्या की काळ्या-गडद निळ्या मॅटवर चकाकत्या रेघा उमटतात. त्या पुसता येत नाहीत, कारण तो डाग नसतो, फिल्मचा खरखरीतपणाच तिथं घासून गुळगुळीत झालेला असतो. गडद कव्हरावर मॅट हवंच असेल तर 'अँटी-स्कफ', म्हणजे घासलं तरी सहसा रेघा न उमटणारी फिल्म मागा, आणि पॅकिंगमध्ये प्रत्येक दोन प्रतींमध्ये साधा पातळ कागद घालून घ्या. वेल्वेटवर तेलकट बोटांचे ठसे दिसतात. फराळाच्या ताटाशेजारी वाचल्या जाणाऱ्या दिवाळी अंकाला मी ते देणार नाही.

सलग गडद रंगाचा आणखी एक त्रास. ओल्या शाईचे कागद चिकटू नयेत म्हणून छपाईत बारीक पावडर उडवतात. ती फिल्मखाली अडकली की काळ्यावर चंदेरी रवा सांडल्यासारखं दिसतं. म्हणून छपाई आणि लॅमिनेशन यांच्यात निदान एक दिवस सोडा, पावसाळ्यात दोन, आणि शीट झटकून घ्यायला सांगा. "आज छापून संध्याकाळी देतो" असं कुणी म्हणालं तर काम डिजिटल आहे का, ते विचारा. डिजिटल छपाईच्या टोनरवर कधीकधी सिलिकॉन तेलाचा अंश राहतो, साधी फिल्म त्याला धड धरत नाही आणि महिन्याभरात घडीजवळ फुगते. डिजिटलसाठी जास्त चिकट अशी वेगळी फिल्म मिळते. तीच सांगायची.

५. स्पॉट यूव्ही आणि आपली देवनागरी

मॅट कव्हरावर फक्त शीर्षक चकाकतं, ते स्पॉट यूव्ही. त्यासाठी डिझायनरकडून वेगळी फाइल लागते. जिथं चमक हवी तिथं शंभर टक्के काळा, बाकी सगळं कोरं. हा थर छपाईवर केसभर इकडेतिकडे बसतोच. रोमन लिपीतल्या जाड अक्षरांना ते चालून जातं. आपल्याकडे वर रफार, अनुस्वार, वेलांट्या आणि खाली उकार. बारीक अक्षरावर स्पॉट मारलं तर अनुस्वाराचा चकाकता ठिपका छापील ठिपक्याशेजारी जाऊन बसतो आणि एका अक्षरावर दोन अनुस्वार दिसतात. लेखकाच्या नावावर हे झालेलं मी पाहिलंय, लेखकानं पाहिल्यावर काय झालं तेही पाहिलंय. ठसठशीत शीर्षक किंवा चित्राचा मोठा आकार, एवढ्यावरच स्पॉट ठेवा.

६. ऑर्डर देताना

लॅमिनेशनचा भाव बहुधा शंभर चौरस इंचांवर सांगतात. २० × ३० इंची शीट म्हणजे ६०० चौरस इंच, म्हणजे सांगितलेल्या भावाची सहापट, आणि तीही एका बाजूची. पैसे पूर्ण शीटचे लागतात, कापून फेकलेल्या कडांसकट. त्यामुळे शीटवर काम किती दाटीनं बसवलंय, ते पाहून मगच घासाघीस करा. कमी प्रतींना ठरावीक किमान रक्कम लागते, तीही आधीच विचारा.

मिठाईचा किंवा कसलाही खोका असेल तर पेस्टिंगची पट्टी कोटिंगशिवाय मोकळी सोडायला सांगा. यूव्हीवर किंवा फिल्मवर साधा गोंद धरत नाही, आणि खोका नेमका पाहुण्यांसमोर उघडतो. घडी असेल तर क्रीझिंग, म्हणजे घडीची रेघ दाबून घेणं, लॅमिनेशननंतर, हे चलनावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीला पोचत नाही.

मग एकच प्रत तयार करून मागा, तुमच्याच कागदावर, तुमच्याच शाईची. दुकानातल्या नमुन्यावर समाधान मानू नका. ती प्रत ट्यूबलाइटखाली तिरकी धरून चंदेरी रवा दिसतो का बघा. घडी दहा वेळा उघडमीट करा. गडद भागावर नख ओढा. कडेला सेलोटेप लावून झटकन ओढा. फिल्म सोबत आली तर काम परत. लिहायचं असेल तर बॉलपेननं नाव लिहून अंगठा फिरवा. पत्रिका असेल तर आत्याला बोलवा, हळदकुंकवासकट. शेवटी ती प्रत रात्रभर मोकळ्यावर ठेवा, पावसाळा असेल तर खिडकीजवळ, आणि सकाळी ती कुठल्या बाजूला वळली आहे ते पाहूनच पुढच्या हजार प्रतींना होकार द्या.