त्या एका फुलाला चिमटा लावायला नको होता

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची टाकी सुरू करून चौथा महिना होता. खडकाच्या एका खाचेत नखाएवढं, काचेसारखं आरपार दिसणारं, जरासं तपकिरी असं काहीतरी उगवलेलं दिसलं. बारीक देठ आणि वर लांब टोकदार बोटांचा झुबका. मी चक्क हरखून गेले. फुकटात समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) आलं म्हणून घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं, आणि पुढचे दोन आठवडे त्याला पिपेटनं खाऊ भरवला. हे लिहिताना आजही कसंतरी होतं. पण खाऱ्या पाण्याची टाकी नव्यानं लावणाऱ्या बऱ्याच जणांची सुरुवात अशीच होते, म्हणून लिहिते.

ते एप्टेशिया होतं. शास्त्रीय नाव एक्झाएप्टेशिया डायफना. शौकिनांना नकोसा झालेला हा प्राणी शास्त्रज्ञांचा मात्र लाडका आहे. प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल यांचं नातं अभ्यासायला तोच वापरतात, २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. कारण उघड आहे. प्रवाळाला जपावं लागतं, आणि हे काही केल्या मरत नाही. उजेड असेल तर अंगातल्या शैवालावर जगतं, उजेड नसेल तर पाण्यातलं काहीबाही पकडून खातं.

दोनेक महिन्यांत शेजारची झोअँथिडची, म्हणजे दाटीनं वाढणाऱ्या फुलांसारख्या प्रवाळाची, वसाहत त्या बाजूनं मिटलेली राहू लागली. एप्टेशियाच्या बोटांत दंशपेशी असतात, शिवाय डिवचलं की ते अंगातून पांढरे धागे बाहेर फेकतं, त्यांतही दंश असतो. मग मी लांब चिमटा घेतला, देठ पकडला आणि ओढला. वरचा झुबका चिमट्यात आला. खाली उरलेलं नखानं खरवडलं. काम झालं म्हणून हात धुतले. तीन आठवड्यांनी त्याच खाचेभोवती मोजली तर सात होती, टाचणीच्या डोक्याएवढी, पण प्रत्येकाला आपला आपला झुबका.

रक्तबीजाची गोष्ट आठवते ना? इथे ती शब्दशः घडते. फूल खडकाला ज्या चकतीनं चिकटतं तो त्याचा तळवा म्हणू. खरवडताना त्या तळव्याच्या कडेचे कण मागे राहतात आणि एकेका कणातून अख्खं नवं फूल उभं राहतं. कुणी हात लावला नाही तरी ते स्वतः सरकताना असे कण सोडत जातं, म्हणजे दुर्लक्ष करूनही सुटका नाही. फक्त चिमट्यानं आपण त्याचं काम सोपं करून देतो.

म्हणून पहिलं एप्टेशिया दिसलं की त्या दिवशी काहीच करू नका. आधी ते नक्की तेच आहे का, हे पाहा. लांब, बारीक, टोकदार बोटं आणि उंच देठ म्हणजे एप्टेशिया. बोटं आखूड, जाडसर, टोकाशी फुगलेली, रंग हिरवट किंवा तपकिरी, तर ते मजानो, दुसरं एक उपद्रवी समुद्रफूल. हे दिसायला इतकं गोड असतं की बबल टिप या महागड्या समुद्रफुलाचं पिल्लू समजून लोक ते जपतात. तिसरा एक प्राणी आहे, त्याच्या बाबतीत मी गुन्हेगार आहे: पिसाऱ्यासारखा पंखा असलेला नळीतला किडा. तो पाणी गाळून जगतो, कुणाला त्रास देत नाही. चाहूल लागताच त्याचा पंखा झटक्यात नळीत जातो आणि मागे नुसती नळी दिसते. एप्टेशियाला नळी नसते, ते आखडून खाचेत मांसल गोळा होऊन बसतं. मी घाईत अशा एका किड्यावर औषध ओतलं होतं.

आता औषध म्हणजे काय, तर तीव्र अल्कधर्मी पेस्ट सिरिंजच्या सुईतून थेट एप्टेशियाच्या तोंडावर सोडायची. बाटलीत तयार मिळते, किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड पाण्यात कालवून घरीही करता येते. चुना लावणं हा वाक्प्रचार इथे अगदी खरा ठरतो. पूड शुद्ध हवी, मत्स्यालयासाठीची. कळीचा चुना मुळीच नको, तो पाण्यात पडताच उकळायला लागतो. हातमोजे घाला आणि डोळ्यांवर चष्मा चढवा. हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. सुई तुंबली की आपण दट्ट्या जोरात दाबतो, आणि मग पेस्ट कुठेही उडते. डोळ्यांत गेलीच तर वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवा आणि सरळ डॉक्टरांकडे जा.

पेस्ट सुईतून जेमतेम उतरेल इतकी दाट ठेवते. पातळ झाली तर पाण्यात धुरासारखी पसरते आणि शेजारच्या प्रवाळावर बसते. सगळे पंप बंद करायचे. मग टाकीत चिमूटभर खाद्य सोडायचं, म्हणजे एप्टेशिया पूर्ण फुलतात. ज्या हावरटपणामुळे ती माजतात तोच आपल्या उपयोगी पडतो. सुई लांब आणि बोथट टोकाची घ्या. टोचायचं नसतंच, टोचलं की ते फाटतं आणि आखडतं. हात वरून नेला की सावली पडते आणि सावली पडली की ते गडप. म्हणून बाजूनं, काटकोनात, शक्य तितकं सावकाश. सुईचं टोक तोंडाच्या अगदी जवळ नेऊन थांबायचं. इथे माझा हात नेहमी थरथरतो, मग कोपर टाकीच्या कडेवर टेकवते. आधी एकच थेंब. बोटं तो खाणं समजून आत ओढून घेतात, तोंड उघडतं, आणि मग उरलेला डोस सोडायचा. क्षणभरात झुबका आक्रसतो आणि जागी पांढरा गोळा उरतो.

पंप लगेच सुरू करू नका, पंधरा-वीस मिनिटं तरी पाणी स्थिर राहू दे. नंतर तो पांढरा गाळ पिपेटनं ओढून घेता येतो. माझी टाकी १८० लिटरची आहे आणि एका बैठकीत मी चार-पाचच्या वर जात नाही. टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो, चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर. पहिल्या उत्साहात मी एका संध्याकाळी वीस-बावीस उरकली आणि रात्री मासे पृष्ठभागाशी धापा टाकत होते. अर्धी रात्र पाणी बदलण्यात गेली. मासे वाचले, पण दोन गोगलगायी गेल्या.

चारेक दिवसांनी त्याच जागा पुन्हा पाहा. खाचेच्या तळाशी बारीक पोरं दिसतीलच. तीन-चार फेऱ्या धरून चाला. मी वहीत खडकाचं वेडंवाकडं चित्र काढून टिंबं मांडत होते. लिंबाचा रस, व्हिनेगर, गरम पाण्याची सिरिंज हेही मी करून पाहिलं. लहानांवर थोडंफार चालतं, मोठी दोन दिवसांत पुन्हा उठून बसतात. सुपरग्लूच्या जेलनं बुजवलेलं एक फूल महिन्याभरानं गोंदाच्या कडेनं बाहेर आलं.

एक गोष्ट मात्र मरेपर्यंत करू नका: वैतागून खडक उचलून पातेल्यात उकळणं. झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. खडक उकळला की ते वाफेबरोबर श्वासात जातं, आणि घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उकळत्या पाण्यानं हे विष निकामी होत नाही. खडक अगदीच हाताबाहेर गेला असेल, तर तो बाहेर काढून काही आठवडे उन्हात कडकडीत वाळवा. त्यातलं उपयोगी जीवनही मरेल आणि टाकीत परत टाकण्याआधी तो वेगळ्या पाण्यात नव्यानं मुरवावा लागेल, पण माणसं जागेवर राहतील. झोअँथिड असलेला खडक कोरडा घासायचाही नाही, आणि हातावर जखम असेल तर हात लावायचाच नाही.

सुईनं मोठी मरतात. खडकाच्या पाठीमागची, पंपाच्या जाळीतली, संपमधली (पाणी गाळणाऱ्या जोडटाकीतली) मात्र आपल्या हाताला लागत नाहीत. तिथे दुसरं कुणीतरी पाठवावं लागतं. मी आधी पेपरमिंट कोळंबी आणल्या, निदान तसं समजून आणल्या. आठवड्याभरात त्यांनी एप्टेशिया सोडून माझ्या मऊ प्रवाळांवर ताव मारला. त्या कॅमल कोळंबी निघाल्या. फरक पाठ करून ठेवा: पेपरमिंटचं अंग आरपार, त्यावर लाल रेघा, पांढरं काही नाही. कॅमलच्या अंगावर लाल पट्ट्यांमध्ये पांढऱ्या रेघा नि ठिपके, आणि पाठीला ठळक कुबड. पुढे खऱ्या पेपरमिंट मिळाल्या आणि त्यांनी बारकी पोरं साफ केली. मोठ्यांकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून सुई आणि कोळंबी ही जोडी चांगली. त्यांना टाकीत सोडताना तासभर तरी थेंब-थेंब पाणी देऊन सरावू द्या. आणि टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलं असेल तर कोळंबी आणूच नका.

माझा खरा जीव जडला तो बर्घियावर. बर्घिया स्टेफनीई ही बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय, बिनशंखाची, पाठीवर मऊ काट्यांची झालर. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. आठ आणल्या. रात्री पंप बंद करून, एप्टेशियांच्या दाटीजवळ पिपेटनं अलगद सोडल्या आणि पुढचे सहा आठवडे त्या जणू विरघळून गेल्या. दिवसा त्या दिसत नाहीत. पैसे पाण्यात गेले, अक्षरशः, असं मी धरून चालले होते. मग एका रात्री लाल टॉर्च घेऊन बसले. एका मोठ्या फुलाच्या देठाला दोघी तोंड लावून होत्या. फूल पांढरे धागे फेकत होतं आणि त्या ते धागेही खात होत्या. पांढुरक्या झालरीवर तपकिरी रंग चढत होता, खाल्लेल्या फुलातल्या शैवालाचा. फुलाच्या दंशपेशीसुद्धा त्या न फोडता झालरीच्या टोकांत साठवून स्वतःच्या बचावाला वापरतात. खडकाच्या खालच्या बाजूला अंड्यांची पांढरी, वेटोळी माळ दिसली आणि मग मी निर्धास्त झोपले. साधारण चौथ्या महिन्यात नजरेला एकही एप्टेशिया पडेना.

बर्घियाला अटी आहेत. रास जातीच्या माशांना ती आयता घास वाटते, पेपरमिंट कोळंबीही तिला सोडत नाही. म्हणजे दोन्ही सैनिक एकाच टाकीत नको. मी कोळंबी आधी दुसऱ्या टाकीत हलवल्या होत्या. पंपांच्या तोंडाला बारीक स्पंज लावा, नाहीतर ओढल्या जातात. एक-दोन आणून भागत नाही. आणि मजानोला ती तोंडही लावत नाही, तिथे सुईच. माशांपैकी कॉपरबँड आणि एप्टेशिया खाणारा फाइलफिश यांची नावं तुमच्या कानावर येतील. पहिला नवख्याच्या टाकीत उपाशी मरतो, दुसरा कधी कधी प्रवाळ कुरतडतो. एवढ्या कामासाठी मासा आणू नये असं माझं मत आहे.

हे सगळं चालू असताना मी खाद्य निम्म्यावर आणलं. नायट्रेट ४० पीपीएमवरून हळूहळू १० च्या आसपास आलं, आणि नवी पोरं दिसायचा वेगही उतरला. आधी मी दिवसातून तीनदा मूठ सैल सोडत होते. ते मासे कमी आणि एप्टेशिया जास्त खात होती.

ती आली कुठून, हे मला फार उशिरा कळलं. प्रवाळाचा फ्रॅग, म्हणजे वाढवायला आणलेला छोटा तुकडा, ज्या बैठकीवर चिकटवलेला असतो, तिच्या खालच्या बाजूला. वरचा प्रवाळ न्याहाळताना बैठक उलटी करून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. आता नवा फ्रॅग आला की तो जुन्या बैठकीवरून कापून नवीवर लावते, जुनी फेकून देते, आणि चार ते सहा आठवडे छोट्या वेगळ्या टाकीत ठेवते. औषधी बुडवणीवर, म्हणजे फ्रॅग औषधाच्या पाण्यात बुडवून काढण्यावर, विसंबू नका. तीत अळ्या-किडे मरतात, एप्टेशिया आखडून बसतं आणि बाहेर आल्यावर पुन्हा फुलतं. गोगलगायीचे शंखही तपासा.

एप्टेशिया संपल्यावर बर्घियांची उपासमार सुरू झाली. त्यांना मरू द्यायचं जिवावर आलं, म्हणून निम्म्या एका ओळखीच्या शौकिनाला दिल्या आणि उरलेल्यांसाठी एका बरणीत मुद्दाम एप्टेशिया वाढवायला घेतली. चांगला उजेड, वेळेवर खाऊ, दर दोन दिवसांनी ताजं पाणी. तीन महिने झाले, बरणीत अकरा होती त्यांची नऊ झाली आहेत.