रॉ फोटो ऑनलाइन जेपीजी करायला बसण्याआधी

लग्नाचा हंगाम सरला की मला एक फोन ठरलेला: "फोटोवाल्यानं पेनड्राइव्ह दिलाय, पण एकही फोटो उघडत नाही." फोटो बिघडलेले नसतात, रॉ असतात, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, जी नेहमीच्या फोटोसारखी सगळीकडे उघडत नाही. मग कुणीतरी सांगतंच, ऑनलाइन जेपीजीत, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, कन्व्हर्ट कर, फुकट होतं. होतं खरं, पण आधी थोडी तयारी हवी.

पेनड्राइव्हमधलं सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवा आणि पेनड्राइव्ह कपाटात टाका. जे काही करायचं ते कॉपीवर. मग फायलीच्या नावाचं शेपूट बघा: एनईएफ निकॉनचं, एआरडब्ल्यू सोनीचं, सीआर२ आणि सीआर३ कॅननचं. सीआर३ हा २०१८ पासूनचा प्रकार, जुन्या साइटना तो वाचता येईलच असं नाही. शेपूट खोडून तिथे जेपीजी लिहिल्यानं काहीही होत नाही. आमच्या भाच्यानं सव्वाशे फायलींना तसं बारसं घातलं होतं; नावं पूर्ववत करण्यात अख्खी दुपार गेली.

आता हिशेब मांडा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबी. दोनशे फोटो म्हणजे साडेपाच जीबीच्या आसपास, आणि अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर नुसते चढवायलाच अडीच तास. त्यामुळे अल्बमात खरंच जाणारे चाळीस-पन्नास निवडून घ्या. त्यातले लहान मुलांचे, घरातले खासगी फोटो बाजूला काढा. अनोळखी सर्व्हरवर ते कशाला? शिवाय फाइलच्या पोटात कॅमेऱ्याचा सिरियल नंबर, कधी जीपीएसचं ठिकाणही असतं.

अल्बमवाल्याला विचारून ठेवा, काय हवं ते. बहुतेकांना एसआरजीबी (रंगांचं नेहमीचं प्रमाण) जेपीजी चालते. कुणी १६ बिट टिफ (छपाईसाठीची मोठी, जास्त बारकाव्यांची फाइल) मागितलीच, तर न दाबलेला एकेक फोटो १४४ एमबीचा होईल.

आणि सगळे एकदम चढवू नका. आधी एकच फाइल द्या, परत आलेल्या जेपीजीचं माप बघा. खरी गोम इथे आहे. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्यानं पडद्यावर दाखवायला एक तयार जेपीजी ठेवलेली असते. काही साइट रॉ उलगडत बसत नाहीत, तीच उचलून हातात देतात. सोनीच्या कित्येक कॅमेऱ्यांत ती जेमतेम १६१६ बाय १०८० पिक्सेलची. मोबाइलवर झकास दिसते. ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला घेतली की रुंदी साडेपाच इंचही भरत नाही. १२ बाय १८ इंचांच्या पानाला ३६०० बाय ५४०० लागतात.

चाचणीला हळदीचा फोटो घ्या, उन्हातला. पिवळ्याधमक गालांवर बारकावे राहिलेत का, की नुसता सपाट डाग झालाय? १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीजीत २५६. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या सोडायच्या हे साइट परस्पर ठरवते, तुम्हाला विचारत नाही. डाग दिसला तर ऑनलाइनचा नाद सोडा. डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे रॉ उलगडणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाका; दोन्ही फुकट, आणि फोटो घराबाहेर जात नाहीत. शिकायला एक रविवार जातो. फोटो शंभरच्या वर असतील तर मी हाच रस्ता सांगतो.

चाचणी जमली तर दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी चढवा. साइटनं परत दिलेली झिप (सगळ्या फोटोंची एकत्र फाइल) उतरवली की फायली मोजा, उभे फोटो आडवे तर झाले नाहीत ना, एवढं बघा.

आणि हो, यातलं काहीही करण्याआधी फोटोवाल्याला एक फोन लावा. पुष्कळ जण रॉ आणि जेपीजी दोन्ही एकदमच टिपतात, आणि जेपीजीचं फोल्डर द्यायचं राहून गेलेलं असतं.