ऑनलाइन हिफ्ज : सबक उस्तादांचा, आमोख्ता तुमचा

मुलाला ऑनलाइन हिफ्जला बसवायचंय, चांगली अ‍ॅकॅडमी सांगा, असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. हिफ्ज म्हणजे अख्खा कुरआन तोंडपाठ करणं; त्यात सबक म्हणजे रोजचा नवा पाठ आणि आमोख्ता म्हणजे जुन्याची उजळणी. कधी चिपळूणहून, कधी पुण्याहून, कधी कुवेतला असलेल्या नात्यातल्या कुणाचा. मी उलट विचारते, घरात रोज त्याचं पाठ झालेलं ऐकणार कोण? तर बहुतेक जण म्हणतात, ऐकायलाच तर उस्ताद लावतोय ना. इथेच सगळं बिघडतं, आणि माझंही इथेच बिघडलं होतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आमच्याकडे हे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे सुरू झालं. गल्लीतलं मकतब (मुलांची कुरआनची शाळा) बंद पडलं, कोकणातले एक हाफिजसाहेब (कुरआन पूर्ण पाठ असलेले) फोनवर मुलाला शिकवायला तयार झाले आणि मुलीसाठी मालेगावच्या एक आपा (शिकवणाऱ्या बाई) मिळाल्या. नंतर मकतब उघडलं तरी आम्ही ऑनलाइनच राहिलो, कारण शाळेची बस आणि मकतबची वेळ जुळेना. पुढे दुबईतल्या दिराच्या दोन मुलांनाही याच पद्धतीने बसवलं. म्हणजे चार मुलं, चार वेगळे स्वभाव, आणि चुका सगळ्या पहिल्या मुलीवर करून झालेल्या.

कायदा (अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक) आणि नाजरा (कुरआन बघून वाचणं) झालाय हे मी धरून चालते. मूल बघून अडखळत वाचत असेल तर हिफ्ज सुरूच करू नका, आधी नाजरा पक्का करा, सहा महिने गेले तरी चालतील. आणि देवनागरीत छापलेला अम्मा पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी, म्हणजे पाऱ्यांपैकी, शेवटचा) मिळतो तो यासाठी कृपा करून घेऊ नका. से, सीन आणि स्वाद ही तिन्ही अरबी अक्षरं देवनागरीत एकाच 'स' मध्ये जातात, आणि आपल्या मराठी मुलांचा 'ज' तर वेगळाच. 'जहाज', 'जरा' म्हणताना आपण जो ज काढतो त्यात जीभ आधी टेकते, अरबीतल्या जे ला ती टेकवायची नसते, नुसती सळसळ हवी. हे कागदावर दाखवताच येत नाही, कानानेच शिकावं लागतं, आणि चुकीचं पाठ झालं की नंतर काढणं नवीन पाठ करण्यापेक्षा अवघड.

मुसहफ, म्हणजे कुरआनची छापील प्रत, एकच ठेवा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच, छपाई तीच, आणि उस्तादांच्या हातात असेल तोच. पाठ करणारं मूल शब्दांबरोबर जागाही लक्षात ठेवतं, उजवं पान, वरून तिसरी ओळ, असं. आपल्याकडच्या हाफिजी कुरआनचं लिखाण आणि अरब देशांत चालणारा मदिना मुसहफ यात अक्षरांची वळणं, जज्मची (अक्षराला स्वर नसल्याची) खूण, थांबायच्या खुणा, पानांची मांडणी, बरंच काही वेगळं असतं. शिकवणारे इजिप्तचे असतील तर ते बहुधा मदिना मुसहफवरून शिकवतील, मग घरातही तोच आणा. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये पाठ करायला देऊ नका, स्क्रोल केलं की पान हलतं आणि जागेची आठवण बनतच नाही.

उस्ताद कसे निवडायचे? एक आठवडा क्लासमध्ये बाजूला बसा. चूक दाखवल्यावर मूल पुन्हा तोंड उघडतं की गप्प होतं, एवढंच बघा. ओरडून, घाबरवून घेणारे उस्ताद मला स्क्रीनवर काय आणि समोर काय, नकोच. क्लास हॉलमध्ये, दार उघडं, मोठं माणूस आवाजाच्या अंतरावर, हा नियम सगळ्यांसाठी, उस्ताद कितीही ओळखीचे असले तरी.

आवाजाचं मात्र कुणी सांगत नाही. मीटिंगची अ‍ॅप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली, ती पंख्याचा आवाज कापतात, आणि तसं करताना लांब खेचलेला स्वर म्हणजे मद आणि नाकातला आवाज म्हणजे गुन्ना हाही गोंगाट समजून मध्येच दाबू शकतात. आम्हाला दोन महिने वाटत होतं की मुलगी मद आखडता घेतेय, आपा रोज टोकायच्या, ती रडकुंडीला यायची, आणि घरात बसून ऐकलं तर मद पूर्ण! तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नॉइज सप्रेशन बंद करा किंवा कमीत कमी वर ठेवा, झूममध्ये ओरिजिनल साउंड म्हणून पर्याय आहे तो चालू करा. ब्लूटूथ इअरफोन टाळा, त्यांचा माइक कॉलमध्ये आवाजाचा वरचा भाग उडवतो आणि से-सीन-स्वादचा फरक बऱ्यापैकी त्याच वरच्या भागात असतो. वायरवाला साधा इअरफोन पुरतो. नेट कमजोर असेल तर व्हिडिओ बंद करून आवाज वाचवा.

मुलं चोरून बघतात, हेही धरून चाला. फोनच्या मागे पान चिकटवलेलं मी स्वतः पकडलंय. मुसहफ मुलाच्या पाठीमागे ठेवा, विषय संपला.

सबकचं तसं सोपं आहे. आदल्या रात्री तेवढ्याच ओळी हळू पढणाऱ्या कारीच्या आवाजात चार-पाचदा ऐकवा. आमच्याकडे मिस्रचे (इजिप्तचे) महमूद खलील अल-हुसरी लावतात, स्वच्छ आणि संथ. मग बघून दहा वेळा, मग एकेक आयत (कुरआनमधलं वाक्य), आणि प्रत्येक आयतीचा शेवट पुढच्या आयतीच्या सुरुवातीला जोडून म्हणवून घ्या, कारण मुलं आयतीच्या आत कमी आणि सांध्यावर जास्त अडकतात, पान उलटतं तिथे तर हमखास. किती घ्यायचं? शाळेत जाणाऱ्या मुलाला अर्धं पान खूप झालं. मदिना मुसहफची ६०४ पानं धरली आणि आठवड्याला पाच दिवस अर्धं-अर्धं पान घेतलं तर साडेचार वर्षांच्या वर लागतात, सुट्ट्या आणि आजारपण धरून पाच-साडेपाच. दोन वर्षांत हाफिज करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती दिवसभर मदरशात बसणाऱ्या मुलाचा हिशोब तुमच्या शाळकरी मुलाला लावतात. अशांकडे जाऊ नका.

आता आमोख्ता. कुणी मंजिल म्हणतं, म्हणजे जुनं पाठ झालेलं रोज फिरवणं.

माझ्या मुलीचे दीड वर्षात सहा पारे झाले होते. रोज सबक व्हायचा, आपा खूश, मी खानदानाच्या ग्रुपवर प्रत्येक पाऱ्याला फोटो टाकायचे. मे महिन्यात गावी गेलो. नानांनी दुपारी झोपाळ्यावर बसून तिला सहज म्हटलं, एकोणतिसावा ऐकव बेटा. त्यातली पहिली सूरह (अध्याय), सूरह मुल्क, छान झाली, ती तर रोज रात्री पढतेच. सूरह कलम निम्म्यावर अडकली. सूरह हाक्काला तिला सुरुवातच आठवेना. नाना काही बोलले नाहीत, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, पाणी पिऊन ये. ती आत येऊन माझ्या कुशीत रडली ते मी विसरलेले नाही. चूक तिची नव्हती, आपांचीही नव्हती. अर्ध्या तासाचा क्लास, त्यात दहा मिनिटं सबक, दहा मिनिटं सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचं, पाच मिनिटं सलाम-दुआ आणि नेट जोडण्यात, उरलेल्या पाच मिनिटांत सहा पारे कसे ऐकणार? मदरशात मूल दिवसभर असतं, आमोख्ता शेजारच्या मुलाला ऐकवतं, मोठा विद्यार्थी ऐकतो, असरच्या नमाजनंतर पुन्हा ऐकवतं. ऑनलाइनमध्ये ते सगळे तास गायब होतात आणि ते आपल्याला दिसतही नाही, कारण सबक तर चालू असतो. कुरआन बांधलेल्या उंटापेक्षाही लवकर सुटून जातो, म्हणून त्याची सतत काळजी घ्या, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे, मी लहानपणापासून ऐकलेली, पण अर्थ मला त्या दुपारी कळला.

परत आल्यावर आपांना सांगितलं आणि तीन महिने सबक पूर्ण बंद ठेवला. नातेवाईक विचारायचे, सुटलं का हिफ्ज? विचारू दे. तुमच्या मुलाचे पाच पारे कच्चे असतील तर हेच करा, सबक चालू ठेवून जुनं सावरता येतं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, मी दोन वेळा तो प्रयत्न करून बघितलाय.

तेव्हापासून आमच्याकडे जे चालतं ते असं. ऐकणारं माणूस घरातलं, रोज ठरलेल्या वेळी, आमची मगरिब ते इशा (सूर्यास्ताच्या आणि रात्रीच्या नमाजच्या मधली). ऐकणारं हाफिज असायची गरज नाही, बघून नीट वाचता आलं की बस, मुसहफवर बोट ठेवून मुलाच्या तोंडाबरोबर पुढे सरकायचं. एक वही. त्यात तारीख, कुठला पाव पारा, किती गलत्या, किती अटक. अख्ख्या पाऱ्याचा हिशोब ठेवू नका, पारा मोठा असतो, 'झाला' म्हणताना मधलं कच्चं लपून जातं. आपल्या छपाईच्या कुरआनमध्ये बाजूला पाव, निस्फ, पाऊण पाऱ्याच्या खुणा असतातच, त्याच धरून चाला. सहा पारे झालेल्या मुलाने रोज अर्धा पारा फिरवला तर बारा दिवसांत एक फेरा होतो, वेळ लागतो वीस मिनिटं, फार तर पंचवीस.

मूल अडकलं की लगेच शब्द सांगू नका. हे सगळ्यात कठीण, आपली जीभ शिवशिवते. मनात पाच मोजा. स्वतःहून आठवलं तर ती अटक, सांगावं लागलं तर गलती. एका पाव पाऱ्यात तीनपेक्षा जास्त गलत्या झाल्या तर उद्या तोच पाव पुन्हा आणि उद्या सबक नाही, हे उस्तादांशी आधीच बोलून ठेवा म्हणजे मुलाला ती शिक्षा वाटत नाही. चुकलेल्या जागी आम्ही पेन्सिलीची अगदी बारीक खूण करतो, उस्तादांना विचारून. तुमच्या घरात ते बरं वाटत नसेल तर कडेला छोटा स्टिकी टॅब लावा.

आणि सुरुवातीपासूनच ऐकू नका. प्रत्येक मुलाला प्रत्येक सूरहचा पहिला रुकू (परिच्छेद) येतो. मधूनच एक आयत तुम्ही पढा आणि म्हणा, पुढे. खरं काय ते तिथे कळतं.

एकसारख्या आयतींचं, मुतशाबिहातचं, वेगळं पान करा वहीत. सूरह काफिरूनमध्ये तिसरी आणि पाचवी आयत हुबेहूब तीच आहे, त्यामुळे लहान मुलं तिथे गोल फिरत राहतात किंवा मधली आयत गाळून थेट शेवटाला पोचतात. सूरह तकवीरमध्ये 'व इजल बिहारु सुज्जिरत' आणि लगेच पुढच्या सूरह इन्फितारमध्ये 'व इजल बिहारु फुज्जिरत'. माझा मुलगा इन्फितार पढता पढता सुज्जिरत म्हणायचा आणि तिथून सरळ तकवीरमध्ये शिरायचा. नुसतं टोकून सुटलं नाही. मी त्याला मराठीत अर्थ सांगितला, एकीकडे समुद्र भडकवले जातील, दुसरीकडे समुद्र फोडून वाहवले जातील, फु म्हणजे फुटणं असं त्याने स्वतःच जोडून घेतलं, परत चुकला नाही. अर्थ कळला की पाठ लवकर होतं असं मी म्हणत नाही, पण जिथे दोन आयती एकमेकींत गुंततात तिथे अर्थानेच गाठ सुटते.

चुका दाखवणारी अ‍ॅप्स आलीत, मूल पढतं आणि सुटलेला शब्द स्क्रीनवर दिसतो. तुम्ही स्वयंपाक करताना मुलाने एकट्याने सराव करायला ठीक. उच्चार अक्षराच्या जागेवरून आला की नाही हे त्यांच्यावर सोडू नका, आणि आमोख्ता ऐकला म्हणून तर वहीत अजिबात लिहू नका.

घरात वेळच नसेल तर? दुबईला दीर-जाऊ दोघं नोकरीला. तिथल्या मुलांचा आमोख्ता गावाहून माझ्या सासूबाई ऐकतात, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर. तिकडचे साडेपाच म्हणजे आपले सात, फजरची नमाज होऊन चहा झालेला, चष्मा लावून मुसहफ रेहलवर (घडीच्या लाकडी स्टँडवर) ठेवून त्या बसतात. हाफिज नाहीत, पण साठ वर्षं रोज बघून पढतायत, एक जबर (अ-स्वराची खूण) चुकला तरी 'परत म्हण रे' येतं. नातवंडांशी रोज बोलणं होतं ते वेगळंच. तुमच्याकडे अशी दादी किंवा नानी असेल तर तिला विचारा, ती वाटच बघत असेल.

पाठ झालेलं सुन्नत-नफिल नमाजमध्ये पढायला लावा, तिथे डोकावता येत नाही. मुलगा आता रमजानमध्ये घरच्या तरावीहला (रात्रीच्या जादा नमाजला) दोन रकातींत पाव पारा पढतो, मागे त्याचे बाबा आणि मी. मशिदीत रोजचा सव्वा पारा ऐकवणारे हाफिज किती तयारी करून उभे राहतात ते तेव्हा त्याला कळलं, आणि शाबानपासूनच (रमजानच्या आधीच्या महिन्यापासूनच) तो आपण होऊन वही काढून बसायला लागला.

शाळेच्या परीक्षा आल्या की सबक बंद, पंधरा दिवस, बिनधास्त. आमोख्ता बंद नाही. अर्ध्याचा पाव करा, बसस्टॉपपर्यंत चालत जाताना ऐका, मुसहफ सोबत नको म्हणून निदान अम्मा पारा तुम्हाला स्वतःला पाठ असू द्या. माझा याच रस्त्यावर पाठ झाला.