रग्बी सेव्हन्सच्या तयारीत मान सोडू नका

सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या, स्पर्धेला आठ आठवडे उरलेत, तेव्हा सुरुवात आजपासूनच. जोर, बैठका, सकाळी लवकर उठणं हे बेळगाव-खानापूरकडच्या तालमीत वाढलेल्या पोरांना सांगायला नको. पहिली सांगतो ती मान. गेल्या खेपेला मांड्या, छाती, खांदे सगळं करून घेतलं आणि मानच राहिली. टॅकलमध्ये, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, आमच्या एका पोराचं डोकं असं हिसडलं की त्याला बाहेर बसवावं लागलं. मान तयार असती तर टळलंच असतं असं म्हणत नाही, पण हिसडा बसला की डोकं आवरून धरायचं काम मानेचंच.

व्यायाम साधा आहे. तळहात कपाळाला लावून मागे रेटा, मानेने त्याला अडवा, डोकं जागचं हलू देऊ नका. दहा आकडे मोजा. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, पहिले दोन आठवडे निम्म्या जोराने. झटके नकोत, श्वास कोंडू नका. पैलवान डोकं मातीत टेकून मानेवर अंग तोलतात, ते वस्तादाच्या नजरेखाली ठीक. बघून बघून करायचं नाही. हाताला मुंग्या आल्या तर थांबा आणि डॉक्टर गाठा.

ताकदीचं म्हणाल तर शंभर बैठकांनी दम वाढतो, पण समोरच्याला मागे रेटायची ताकद जड वजनातून येते. स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, पाच-पाचचे तीन-चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. जिम नसेल तर दोर चढा, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारा. आणि व्यायाम संपवायच्या आधी मान. वेळ कमी पडला तर बायसेप सोडा, मान नाही.

वेग दमलेल्या पायांनी वाढत नाही, म्हणून स्प्रिंट आधी, बाकी सगळं नंतर. तीस मीटर पूर्ण जोराने, मग पूर्ण विश्रांती, असं पाच-सहा वेळा. अर्ध्या जोराने वीस वेळा पळाल तर फक्त दमाल. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसा, जोडीदाराला घोटे धरायला सांगा आणि सावकाश पुढे झुकत जा. पहिल्या आठवड्यात पाचच. जास्त केलंत तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवणार नाही.

दमाबद्दल एक गैरसमज आहे, की लांब चढण चढली की झालं. बेळगावजवळच्या राजहंसगडाची चढण रविवारी जरूर करा, पण सेव्हन्स म्हणजे सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं, आणि एका दिवसात अनेक मॅच. म्हणून सात मिनिटं घड्याळ लावा. वीस मीटर पळा, छातीवर पडा, उठा, मागे सरका, परत पळा. दोन मिनिटं थांबून पुन्हा तेच.

कबड्डीतून आलेल्यांनी टॅकल नव्याने शिकायचा. पळणाऱ्याच्या पुढ्यात डोकं घालायचं नाही, ते त्याच्या मागच्या बाजूला, खांदा मांडीला, दोन्ही हातांची मिठी. खांद्याच्या वर हात गेला की पेनल्टी. कुस्तीसारखं उचलून आपटलंत तर रेफरी लाल कार्डही काढेल. सराव मऊ मातीवर करा, मे महिन्यातल्या टणक ग्राउंडवर नाही.

शेवटचे दोन आठवडे वजनं निम्मी, स्प्रिंट थोडे पण पूर्ण जोराचे, मान आहे तशीच. झोप. जोंधळ्याची भाकरी, अंडी, केळी, शेंगदाणे. कुंदा, आपली बेळगावची मिठाई, मॅच झाल्यावर. माउथगार्ड आधीच वापरून सवय करा, बुटांचे स्टड तपासा, टेप, पाणी. वॉर्मअपमध्ये मान.

मॅचमध्ये डोक्याला मार लागून पोर गोंधळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा नुसती शंका आली तरी बाहेर. तो "बरा आहे" म्हणाला तरी त्या दिवशी परत आत नाही. घरी त्याला एकट्याला एसटीने सोडू नका, सोबत कुणीतरी जा, घरच्यांना काय झालं ते सांगा आणि डॉक्टरला दाखवा.